सकाळी लावा, संध्याकाळी वाढा

मराठी घरात ‘कुकर लावला’ म्हटले की शिट्ट्या मोजणे आलेच. तीन शिट्ट्या, मग पाच मिनिटे मंद गॅस, की वरण-भात तयार. स्लो कुकरचे सगळेच उलटे. त्याला शिट्टी नाही, वाफेचा दाब नाही आणि घाई तर मुळीच नाही. प्रेशर कुकरमध्ये दहा मिनिटांत मऊ होणाऱ्या बटाट्याला इथे सहा-सात तास लागतात. असे असूनही अमेरिकेत कामाच्या दिवसांतल्या रात्रीच्या जेवणासाठी गेली पन्नास वर्षे हे भांडे टिकून आहे. याचे कारण नोकरदार घराच्या वेळापत्रकात सापडते. संध्याकाळी सात वाजता दमून घरी आलेल्या माणसापाशी ओट्याजवळ उभे राहण्याचे त्राण नसते. स्वयंपाकघर मात्र सकाळपासून रिकामेच असते. स्लो कुकर ते रिकामे तास वापरतो आणि माणसाकडून सकाळची फक्त पंधरा-वीस मिनिटे मागतो.

या भांड्यात होणाऱ्या पदार्थांत सर्वांत सोपा म्हणजे सॉसेज आणि भाज्या. सॉसेजमध्ये मीठ, चरबी, मसाला आणि बहुतेक वेळा धुराचा वासही आधीच भरलेला असतो. म्हणजे वाटण, मुरवणे आणि परतणे ही कामे खाटकाने किंवा कारखान्याने आधीच उरकलेली असतात. आपण भाज्या चिरायच्या, भांडे भरायचे आणि झाकण लावायचे. मात्र कोणती वस्तू कुठे ठेवायची आणि कधी घालायची, याला या पदार्थात फार महत्त्व आहे. तेवढे समजले तर पाककृती पाठ करायची गरज उरत नाही.

शुक्रवारी चढवलेले, शनिवारी उतरवलेले

या भांड्याची कथा शिकागोत सुरू होते, पण तिचे मूळ लिथुआनियात आहे. ज्यू धर्मात शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र होईपर्यंत, विस्तव पेटवणे आणि स्वयंपाक करणे वर्ज्य असते. मग शनिवारी दुपारी गरम जेवण मिळायचे कसे? पूर्व युरोपातल्या ज्यू घरांनी यावर चोलंट नावाचा पदार्थ शोधला होता. घेवड्याचे दाणे, सातू, बटाटे आणि मांस एका जड भांड्यात भरायचे आणि सूर्य मावळण्याआधी गावातल्या बेकरीत नेऊन द्यायचे. पाव भाजून झालेली भट्टी रात्रभर हळूहळू निवत जाई आणि तिच्या उरलेल्या उष्णतेवर चोलंट शिजत राही. पुष्कळ घरांत या भांड्यात सर्वांत वर किश्के ठेवत. किश्के म्हणजे आतड्यात पीठ, चरबी आणि कांदा भरून केलेला एक प्रकारचा सॉसेजच. संथ शिजणाऱ्या भांड्यात वर सॉसेज ठेवण्याची रीत अशी जुनीच आहे.

इर्व्हिंग नॅक्सन हे १९०२ साली जन्मलेले अमेरिकन संशोधक. त्यांच्या आईचे बालपण विल्नामध्ये, म्हणजे आजच्या लिथुआनियाच्या राजधानीत गेले होते. चोलंटचे भांडे बेकरीत पोहोचवायचे काम लहानपणी तिच्याकडे असे. ती आठवण ऐकून नॅक्सन यांनी एक विजेचे भांडे बनवले. त्यात तापणारी तार भांड्याच्या तळाशी नव्हती, ती सभोवार गुंडाळलेली होती. त्यांनी १९३६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४० मध्ये ते मंजूर झाले. हे भांडे ‘नॅक्सन बीनरी’ या नावाने विकले जाई. त्यात मुख्यतः घेवड्याचे दाणे शिजवत, म्हणून हे नाव.

कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने १९७० मध्ये नॅक्सन यांचा व्यवसाय विकत घेतला. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, तेच भांडे नव्या रूपात ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आले. अमेरिकेत तेव्हा बाहेर नोकरी करणाऱ्या बायकांची संख्या वाढत होती. घरी कोणी नसतानाही शिजत राहणारे भांडे, ही जाहिरात त्यांच्यासाठीच होती. चिनी मातीचे आतले भांडे बाहेर काढून धुता येऊ लागले, तेव्हा त्याची मागणी आणखी वाढली. मेबल हॉफमन यांचे ‘क्रॉकरी कुकरी’ हे पाककृतींचे पुस्तक १९७५ मध्ये आले आणि तेही खूप खपले.

भारतालाही ही कल्पना अगदी परकी नाही. कोलकात्याचे इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास इक्मिक कुकर बनवला. खाली निखारे आणि वर डब्यांची चळत, अशी त्याची रचना होती. भात, डाळ आणि मटण एकाच वेळी वाफेवर संथपणे शिजत आणि राखणीला माणूस लागत नसे.

अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेकडे स्लो कुकर पोहोचला, तेव्हा सॉसेज तिथे आधीपासूनच होते. शिकागोत पोलंडहून आलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांचे किल्बासा हे लसूण घातलेले, धुरी दिलेले डुकराच्या मांसाचे सॉसेज किराणा दुकानांत सर्रास मिळते. किल्बासा, बटाटे आणि कोबी हे पोलिश घरातले जुने त्रिकूट या भांड्यात सहज रुळले. ज्यू शब्बाथच्या पदार्थावरून सुचलेल्या भांड्यात आज डुकराचे सॉसेज शिजते. अन्नाच्या इतिहासात असे नेहमीच होते.

आत नेमके काय घडते

चुलीच्या बाजूच्या वैलावर ठेवलेले वरण जसे कोणी न पाहता शिजत राहते, तसेच काम हे भांडे करते. उष्णता बाजूंनी येते, जाड मातीचे भांडे ती धरून ठेवते आणि झाकणाला लागलेली वाफ पाणी होऊन परत आत पडते. बहुतेक स्लो कुकरमध्ये ‘लो’ आणि ‘हाय’ अशी दोन बटणे असतात. पुष्कळांचा समज असा की लोवर तापमान कायम कमी राहते. प्रत्यक्षात बऱ्याच कुकरमध्ये दोन्ही बटणांवर अन्न शेवटी उकळीच्या जवळपास, ९५ अंश सेल्सिअसच्या आगेमागे पोहोचते. फरक पडतो तो पोहोचायला लागणाऱ्या वेळाचा. म्हणून हायवर चार तास आणि लोवर सात-आठ तास असा ढोबळ हिशेब धरतात.

भांडे बंद असल्याने पाणी आटत नाही. गॅसवरच्या पाककृतीतले पाणी इथे जसेच्या तसे घातले तर रश्श्याऐवजी सूप होते. कोबी, कांदा आणि सॉसेज यांना स्वतःचेही पाणी सुटते. चौघांच्या जेवणाला एक कप पाणी किंवा स्टॉक पुरतो.

दुसरी मर्यादा खमंगपणाची. मांसाला किंवा कांद्याला येणारा तपकिरी रंग आणि भाजका वास साधारण १४० अंशांच्या पुढे तयार होतो. ओल्या भांड्यात ते तापमान कधीच गाठले जात नाही. त्यामुळे सॉसेजचे काप आधी तव्यावर पाच मिनिटे परतून घेतले, तर चवीत स्पष्ट फरक पडतो. सकाळी तेवढाही वेळ नसेल, तर धुरी दिलेले सॉसेज घ्यावे. त्याच्यात खमंगपणाची थोडी पुंजी आधीच असते.

फोडणीचेही तसेच आहे. स्लो कुकरमध्ये मोहरी तडतडत नाही. फोडणी हवी असेल तर ती वेगळी करून शेवटी वरून घालावी.

भाजी मांसापेक्षा हट्टी

नवख्या माणसाला चकवणारी गोष्ट ही की या भांड्यात मांस लवकर होते आणि गाजर-बटाटे मागे राहतात. भाजीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे पेक्टिन साधारण ८५ अंशांच्या वर गेल्यावरच नीट विरघळू लागते. मांस त्याच्या कितीतरी आधी शिजलेले असते. त्यात आणखी एक गुंता आहे. बटाटा आणि गाजर ५५ ते ६५ अंशांच्या टप्प्यात बराच वेळ राहिले, तर त्यांच्यातले एक विकर पेक्टिनला आणखी घट्ट करते. स्लो कुकर नेमका याच टप्प्यातून रमतगमत जातो. म्हणून कंदमुळे तळाशी आणि कडेने, जिथे उष्णता आधी पोहोचते तिथे रचायची. कापही फार मोठे नकोत. दोन-अडीच सेंटिमीटरचे पुरेत.

आंबट पदार्थांनी पेक्टिन आणखी चिवट होते. टोमॅटो किंवा व्हिनेगर सुरुवातीलाच घातले, तर सात तासांनीही बटाटा मधोमध कचकचीत लागू शकतो. आंबट काही घालायचे असेल तर बटाटे मऊ झाल्यावर घालावे. टोमॅटो सुरुवातीपासूनच हवे असतील तर बटाटे अर्धवट उकडून टाकावेत.

हिरव्या भाज्यांची अडचण वेगळी. मटार, पालक आणि फरसबी सात तास शिजल्या तर त्यांचा हिरवा रंग जाऊन मळकट खाकी रंग येतो. मटार आणि पालक शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत घालावे. फरसबीला तासभर लागतो. दूध, साय किंवा दही शेवटीच घालावे, नाहीतर ते फाटते.

सॉसेज कोणते?

खरेदी करताना एकच प्रश्न विचारायचा: हे सॉसेज शिजवलेले आहे की कच्चे? किल्बासासारखी धुरी दिलेली सॉसेज बहुधा पूर्ण शिजलेली असतात, त्यांना फक्त गरम व्हायचे असते. पाकिटावर तसे छापलेले असते आणि ते वाचायलाच हवे. बडीशेप घातलेले ‘इटालियन सॉसेज’ आणि जर्मन धर्तीचे ब्राटवुर्स्ट अमेरिकेत बऱ्याचदा कच्चे मिळते. असे सॉसेज आधी तव्यावर सगळीकडून परतून घ्यावे. शिजल्यावर ते मधोमध ७१ अंशांपर्यंत आणि कोंबडीचे असेल तर ७४ अंशांपर्यंत गेले पाहिजे. अन्नात टोचायचा थर्मामीटर स्वस्त मिळतो. रंगावरून अंदाज बांधण्यापेक्षा त्याच्यावर भरवसा ठेवावा.

भारतातल्या शहरांत मिळणारी गोठवलेली चिकन सॉसेज बहुतेक आधी शिजवलेली आणि अगदी बारीक वाटलेल्या मांसाची असतात. ती सकाळपासून भांड्यात ठेवली तर फुगून पिठूळ होतात. पाकिटावरची सूचना पाहून ती आधी फ्रिजमध्ये वितळू द्यावी आणि शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात घालावी.

चौघांसाठी कृती

पाच ते सहा लिटरच्या स्लो कुकरसाठी हे प्रमाण आहे. धुरी दिलेले, शिजवलेले सॉसेज ४०० ग्रॅम, बटाटे ७०० ग्रॅम, तीन गाजरे, दोन कांदे, अर्धा मध्यम कोबी, लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, एक कप स्टॉक किंवा पाणी, एक मोठा चमचा मोहरीचा सॉस, अर्धा चमचा शहाजिरे, एक तमालपत्र, भरडलेली मिरी आणि एक मोठा चमचा लोणी. शेवटी घालायला एक चमचा व्हिनेगर आणि थोडी चिरलेली कोथिंबीर किंवा पार्सली. मीठ आधी घालायचे नाही. सॉसेजमधले मीठ रश्श्यात उतरते, त्यामुळे ते शेवटी चाखून ठरवावे.

१. बटाटे आणि गाजरे चिरून तळाशी आणि कडेने पसरा. त्यांवर कांद्याच्या जाड फोडी आणि ठेचलेला लसूण घाला.

२. स्टॉकमध्ये मोहरीचा सॉस, शहाजिरे आणि मिरी कालवून वरून ओता. तमालपत्र टाका.

३. कोबीच्या चार-पाच मोठ्या फोडी करा. मधला दांडा ठेवा, म्हणजे पाने सुटत नाहीत. या फोडी वर रचा.

४. सॉसेजचे दोन सेंटिमीटर जाडीचे तिरके काप करा. जमले तर लोण्यात परता. परतलेले किंवा तसेच काप सर्वांत वर मांडा; परतले नसतील तर लोण्याचे तुकडेही टाका. सॉसेजची चरबी वितळून खालच्या भाज्यांवर ठिबकत राहते आणि भाज्यांना चव येते.

५. झाकण लावा. लोवर सात-आठ तास किंवा हायवर सुमारे चार तास. सुरी बटाट्यात सहज शिरली की झाले. व्हिनेगर आणि कोथिंबीर घाला, मीठ पाहा आणि वाढा. सोबत पाव पुरतो. गरम भातावरही हा रस्सा चांगला लागतो.

भांडे निम्मे ते दोन-तृतीयांश भरलेले असावे. काठोकाठ भरले तर मधला भाग तापायला फार वेळ घेतो आणि तळाशी थोडेसेच असले तर ते करपते. ढवळू नये. झाकण सारखे उघडूही नये, कारण एकदा उघडले की गेलेली उष्णता भरून यायला पंधरा-वीस मिनिटे जातात.

तयारी आदल्या रात्री करता येते. चिरलेले बटाटे पाण्यात बुडवून, बाकी भाज्या डब्यात आणि सॉसेज वेगळे, असे सगळे फ्रिजमध्ये ठेवावे. मातीचे भांडेच भरून फ्रिजमध्ये ठेवू नये. थंडगार भांडे एकदम तापले तर तडकू शकते.

गोव्याचे चोरीस

गोव्याच्या ख्रिस्ती घरांतले चोरीस हे आपल्या शेजारचेच सॉसेज आहे. डुकराचे मांस आणि चरबी, लाल मिरची, लसूण, मसाले आणि माडीचे व्हिनेगर यांत मुरवून ते आतड्यात भरतात आणि माळेसारखे बांधतात. मग ते उन्हात वाळवतात, धुरावरही धरतात. पावसाळ्याची ती बेगमी असते. कांदे आणि बटाटे घालून चोरीस शिजवायची रीतही जुनीच, म्हणून ते स्लो कुकरलाही चालते. मात्र इथे वर सांगितलेला आंबटपणाचा नियम लगेच लागू होतो. चोरीसमधले व्हिनेगर बटाट्याला मऊ होऊ देत नाही. बटाटे आधी अर्धवट उकडून घ्यावेत. तेल घालू नये, कारण चरबी भरपूर सुटते. मसालाही आणखी नको. चोरीस वाळवलेले असले तरी कच्चेच असते, त्यामुळे ते पूर्ण शिजवावे लागते. चौघांना २०० ते २५० ग्रॅम पुरते, कारण त्याची चव सगळ्या भांड्याला पुरून उरते.

वीज, राजमा आणि इतर धोके

अन्नात जिवाणू झपाट्याने वाढतात ते ४ ते ६० अंशांच्या दरम्यान. हे भांडे तो टप्पा सावकाश ओलांडते, म्हणून गोठलेले मांस त्यात कधीच घालू नये. आधी फ्रिजमध्ये पूर्ण वितळू द्यावे. कुकर चार तासांनी आपोआप सुरू होईल असे ठरवून कच्चे मांस आत ठेवून जाणेही धोक्याचे. उलटी सोय मात्र उपयोगी आहे: शिजून झाल्यावर काही कुकर आपोआप ‘गरम ठेवा’वर जातात आणि उशिरा येणाऱ्याला गरम जेवण मिळते.

भारतात मुख्य प्रश्न विजेचा. घरी कोणी नसताना वीज गेली आणि ती किती वेळ गेली होती हे कळायला मार्ग नसेल, तर ते अन्न टाकून द्यावे, वरवर शिजलेले दिसत असले तरीही. घरी असताना वीज गेली तर लगेच सगळे गॅसवर चढवावे. उरलेले अन्न दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवावे. पुन्हा गरम करायला स्लो कुकर वापरू नये. गॅसवर चांगली उकळी आणावी.

सॉसेजसोबत राजमा घालण्याचा मोह अनेकांना होतो. कच्च्या राजम्यात फायटोहेमॅग्लुटिनिन नावाचे विषारी द्रव्य असते. नीट न उकळलेला राजमा खाल्ला तर काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात. कमी तापमानाच्या संथ शिजवण्याने ते नष्ट होईलच असे नाही. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटे, शक्यतो अर्धा तास, खळखळून उकळावा आणि मगच स्लो कुकरमध्ये घालावा. प्रेशर कुकरमध्ये शिजवलेला राजमा असेल तर प्रश्नच मिटतो.

अमेरिकेतून नातेवाईक स्लो कुकर आणणार असतील तर आधीच सांगावे: तो १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टला नुसता प्लग बदलून जोडला, तर त्याची तार साडेतीन पटींहून अधिक वीज खेचते आणि जळते. पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर नसेल तर तो आणू नये. विजेचा खर्च मात्र बेताचा आहे. २०० वॉटचे भांडे आठ तास चालले तरी दीड-पावणेदोन युनिटच्या आतच भागते.

रोज नको, अधूनमधून हवे

सोय आहे म्हणून सॉसेज रोज खावे, असा याचा अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकले. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा अंदाज आहे. सॉसेजमध्ये मीठही बरेच असते. म्हणूनच वरच्या कृतीत माणशी सॉसेज १०० ग्रॅम आणि भाज्या त्याच्या चौपटीच्या आसपास आहेत. हे प्रमाण उलटे करू नये. महिन्यातून एक-दोनदा असे जेवण आणि एरवी हेच भांडे भाज्या, डाळी आणि पायाच्या सुपासाठी, हा शहाणपणाचा वापर.

मग स्लो कुकर विकत घ्यावा का? घरात प्रेशर कुकर असेल, संध्याकाळी कोणीतरी सहाला घरी येत असेल आणि वीज सारखी जात असेल, तर अजिबात घेऊ नये. हाच पदार्थ जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून मंद गॅसवर पाऊण तासात होतो. पण दोघेही सकाळी आठला बाहेर पडून रात्री आठला परतत असतील आणि विजेचा भरवसा असेल, तर या भांड्याची किंमत थोड्याच दिवसांत बाहेरून मागवलेल्या जेवणाच्या पैशांतून वसूल होते. घेतलेच तर पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी घरी असताना वापरून पाहा. आपला कुकर किती वेळात किती तापतो, हे एकदा कळले की मगच त्याच्या भरवशावर कामाला जा.